उजनीतलं पळसनाथ मंदिर
‘पाण्याखाली देऊळ उलट सुरक्षित राहतं’ असं काही जण म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. कायम बुडालेला दगड टिकतो, पण उजनी धरणाच्या पाण्यात गेलेल्या पळसदेव गावचं हे मंदिर कायम बुडालेलं कुठे असतं? उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्यापैकी ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याखालचं पाणी. पातळी या मृतसाठ्यात उतरली की धरण ‘उणे’त गेलं म्हणतात; ते ‘उणे’त बरंच खाली गेलं की उन्हाळ्यात मंदिर उघडं पडतं. खालचं दगडी काम तग धरतं. शिखर मात्र विटांचं. भिजलेली वीट उन्हात वाळते, सांध्यातला चुना सुटतो, लाटा तो धुऊन नेतात आणि दर फेरीला भेग थोडी रुंदावते. त्यात लोक फोटोसाठी वर चढतात! जाणाऱ्यांनी एवढं पाहावं: काठचा गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, खाली गुडघाभर चिखल असतो.