मदत हवी आहे: युगांडा सफारी आणि मारबर्ग

नमस्कार मंडळी. आईबाबांना घेऊन युगांडाला क्वीन एलिझाबेथ नॅशनल पार्कला जायचं ठरतंय. टूरवाल्याच्या कार्यक्रमात तिथली अजगरांची गुहा आहे. वाचायला बसलो आणि झोप उडाली. याच गुहेत जाऊन आलेल्या एका डच बाईंचा २००८ मध्ये मारबर्ग विषाणूने मृत्यू झाला. त्याआधी तिथे गेलेली एक अमेरिकन पर्यटक आजारातून वाचली, पण तिला मारबर्गच झाला होता हे निदान २००९ मध्ये, म्हणजे वर्षभराने झालं! विषाणू तिथल्या फळखाऊ वटवाघळांत असतो. नंतर गुहा बंद केली. आता लांबून, काचेआडून बघायची सोय आहे म्हणे.

कोणी अलीकडे गेलंय का? काचेआडून बघणं ठीक, की सरळ गाळावं? (मी गाळायच्याच मताचा, पण बाबा हट्टी आहेत.)

लक्षणं २१ दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. परतल्यावर ताप आलाच, तर पुण्यात आधी फोन कुठे करायचा? आपल्या फॅमिली डॉक्टरांना हे नावही नवीन होतं. यलो फीव्हरची लस साठीपुढच्या कोणी घेतली असेल, तर तो अनुभवही सांगा.