शब्दचर्चा: डॅशबोर्डवरची ‘सरासरी’ नेमकी कोणती?

प्रश्नकर्ती, अंबड

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात एमआयएसचं, म्हणजे रोजच्या आकड्यांच्या अहवालांचं काम बघते. रोजचं उत्पादन, रिजेक्शन, डिस्पॅच, येणं-देणं असं सगळं एका स्क्रीनवर दिसेल असा डॅशबोर्ड करायचा आहे आणि या वेळी तो मराठीत हवा, असं मालकांचं म्हणणं पडलं. एक स्क्रीन शॉपफ्लोअरवर लागणार, दुसरी मीटिंगच्या खोलीत. शब्दांची यादी करायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडकले. डॅशबोर्डला काय म्हणायचं? चार्ट म्हणजे तक्ता, आलेख की आकृती? ॲव्हरेजला ‘सरासरी’ चालेल ना? टार्गेट, ट्रेंड, लेजंड (आलेखातला कोणता रंग कशाचा ते सांगणारी चौकट) यांचं काय करायचं? शब्दकोशात शब्द भरपूर आहेत, पण मला ऑपरेटरला आणि मालकांना, दोघांनाही कुणाला न विचारता कळतील असे हवेत.

वर्कशॉपवाला, सातपूर

ताई, डॅशबोर्डला डॅशबोर्डच म्हणा. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तो शब्द माहीत आहे. मुळात घोडागाडीच्या पुढच्या बाजूला, घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल अंगावर येऊ नये म्हणून जी फळी लावत, तिला हे नाव होतं. पुढे मोटारी आल्या, त्याच जागी काटे आणि दिवे बसले, नाव तेच राहिलं. तेव्हा इंग्रजीतही त्या शब्दाचा अर्थ कुणी उकलून बघत नाही, आपण कशाला बघायचा?

‘माहितीफलक’ असं कुणी तरी सुचवेलच. आमच्याकडे एकदा लावून पाहिला. सरकारी कचेरीत जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाची पाटी असते ना, तसलं काही तरी असेल म्हणून लोक न वाचता पुढे जायचे.

गणिताचे निवृत्त शिक्षक, पंचवटी

डॅशबोर्डपुरतं वरच्यांशी सहमत. पण चार्टच्या बाबतीत आयते मराठी शब्द असताना ते सोडू नका, कारण तुमच्या ऑपरेटरनं ते शाळेत शिकलेले आहेत. रकाने आणि ओळी असतील ते कोष्टक किंवा सारणी. ‘तक्ता’ शक्यतो टाळा. वर्गाच्या भिंतीवरचं चित्रही तक्ता आणि आकड्यांची मांडणीही तक्ता, म्हणून त्या शब्दात घोळ होतो. उभे खांब असतील तो स्तंभालेख, दोन वर्षांचे खांब शेजारी-शेजारी असतील तर जोडस्तंभालेख, एकाच खांबाचे थर पाडले तर विभाजित स्तंभालेख, वर्तुळाच्या फोडी केल्या तर वृत्तालेख. आयतालेख हा वेगळा प्रकार. त्यात खांब एकमेकांना चिकटून असतात, कारण खाली वर्गांतरं असतात: ० ते १०, १० ते २० अशी. पुष्कळ सॉफ्टवेअरवाले आयतालेखालाही स्तंभालेख म्हणून मोकळे होतात.

आता शब्दांपलीकडचं थोडं. स्तंभालेख काढायचा तर उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. समजा काल ९६० नग झाले, आज ९९०. वाढ जेमतेम तीन टक्क्यांची. पण अक्ष ९५० पासून सुरू केलात तर कालचा खांब १० चा आणि आजचा ४० चा, म्हणजे डोळ्याला चौपट. आकडा खरा, पण चित्र खोटं. दहावीच्या पुस्तकात याकरता ‘अक्षसंकोच’ असा सुरेख शब्द आहे. अक्षाचा मधला भाग गाळला असेल तर आरंभबिंदूजवळ नागमोडी खूण करायची आणि तसं लिहायचं. ती खूण न केल्याबद्दल आम्ही मुलांचे गुण कापत असू. कंपन्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये ती मला अजून एकदाही दिसलेली नाही.

वृत्तालेखाचा मोह आवरा. स्तंभालेख विल्यम प्लेफेअरनं १७८६ मध्ये आणला आणि वृत्तालेखही त्याचाच, १८०१ चा. म्हणजे दोन्ही एकाच माणसाची देणगी, पण दुसरी तितकीशी कामाची नाही. १९८४ मध्ये क्लीव्हलँड आणि मॅगिल या संख्याशास्त्रज्ञांनी माणसांना आलेख दाखवून तपासलं. एकाच पट्टीवर मांडलेल्या जागांची तुलना माणूस बऱ्यापैकी अचूक करतो, कोनांची करताना मात्र जास्त चुकतो. दोन-तीन फोडी असतील तर ठीक. अकरा गिऱ्हाइकांच्या अकरा फोडी करू नका.

कांदा व्यापारी, लासलगाव

सर बोलले ते चित्राचं. मी ‘सरासरी’बद्दल बोलतो, कारण या शब्दानं आमच्याकडे रोज भांडणं होतात.

बाजार समितीचं दरपत्रक बघितलं असेल. त्यात आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि शेवटचा रकाना ‘सर्वसाधारण दर’. तिथं ‘सरासरी’ असं लिहिलेलं नाही, ते नीट बघा. इंग्रजी पत्रकात त्याच रकान्याला मोडल प्राइस म्हणतात. बहुतेक माल ज्या भावानं गेला तो भाव. पण बातमीत, व्हॉट्सॲपवर आणि बोलण्यात तोच आकडा ‘सरासरी’ होऊन फिरतो.

आता हिशेब करा. समजा एका सकाळी २० क्विंटल गोल्टी (बारीक कांदा) ५०० रुपयांनी गेली, १०० क्विंटल मध्यम माल ११०० नी गेला आणि ५ क्विंटल निवडक माल २६०० नी. तिन्ही भावांची बेरीज करून तीननं भागलं तर १४००. किमान आणि कमाल मिळवून निम्मं केलं तर १५५०. आणि एकूण पैसे भागिले एकूण क्विंटल केलं तर १,३३,००० भागिले १२५, म्हणजे १०६४. सर्वसाधारण दर ११००. तिन्ही हिशेबांना लोक ‘सरासरी’च म्हणतात. ज्या शेतकऱ्यानं १५५० वाचून ट्रॉली जोडली, त्याच्या मध्यम मालाला ११०० मिळाले की तो व्यापाऱ्यालाच धरतो. त्याचं काय चुकलं? त्यानं छापलेलं वाचलं.

म्हणून ताई, स्क्रीनवर नुसतं ‘सरासरी’ लिहू नका. कशाची, आणि कशानं भागून, हे लिहा. जागा पुरत नसेल तर एक आलेख कमी करा.

प्रश्नकर्ती, अंबड

शेठ, तुमचं वाचून आमची जुनी शीट उघडली. दोन लाइन आहेत. सोपे आकडे घेऊन सांगते: एका लाइनवर १००० नग, त्यातले १० रिजेक्ट, म्हणजे १ टक्का. दुसरीवर १०० नग, १० रिजेक्ट, १० टक्के. आमच्या शीटनुसार ‘सरासरी रिजेक्शन’ साडेपाच टक्के. प्रत्यक्षात ११०० पैकी २०, म्हणजे १.८ टक्के. आधीपासून तसंच चालत आलंय आणि मीटिंगमध्ये त्यावरच बोलणं होतं.

सर, याला मराठीत ‘भारित सरासरी’ म्हणायचं ना?

गणिताचे निवृत्त शिक्षक, पंचवटी

पुस्तकात भारित सरासरी, बरोबर. पण स्क्रीनवर ते लिहिलंत तर समजावत बसावं लागेल. ‘एकूण नगांपैकी रिजेक्ट: १.८ टक्के’ असं सरळ लिहा. मध्यकाचंही, म्हणजे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याचंही तेच. वसुलीसाठी सरासरीपेक्षा मध्यक बरा, कारण एखादं गिऱ्हाईक वर्षभर पैसे थकवतं आणि सगळी सरासरी फुगते. तरी ‘मध्यक: ४० दिवस’ असं कुणी वाचणार नाही. ‘निम्मी बिलं ४० दिवसांच्या आत वसूल’ हे मालक चहा पिता-पिता वाचतील. संज्ञा वर्गासाठी असते, पाटीवर वाक्यच हवं.

बँकेत नोकरी, कॉलेज रोड

‘टक्के’ या शब्दाचाही बंदोबस्त करा. रिजेक्शन २ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर गेलं. एक जण म्हणेल एक टक्क्यानं वाढलं, दुसरा म्हणेल पन्नास टक्क्यांनी वाढलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. ‘रेपो दरात पाव टक्का कपात’ असं आपण बिनदिक्कत लिहितो आणि तिथं कुणाचा गोंधळ होत नाही, कारण संदर्भ पक्का आहे. कारखान्यात तो नसतो. ‘टक्केबिंदू’ हा शब्द काही जण वापरतात, मला तो अजून परकाच वाटतो. ‘२ वरून ३ टक्के’ असे दोन्ही आकडे लिहिले की वादच मिटतो.

आणि सॉफ्टवेअरची मूळ मांडणी तपासा. ते १२,३४,५६७ ऐवजी १.२ मिलियन दाखवतं. मालक लाखात विचार करतात, त्यांना लाखातच दाखवा.

द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

रंगांबद्दल कुणी बोललं नाही. आमच्या शेतकरी कंपनीच्या डॅशबोर्डवर भाव खाली आला की लाल, वर गेला की हिरवा. शेतकऱ्याला ठीक. पण खोके, पेपर, औषधं, डिझेल यांच्या खर्चालाही तोच नियम लावलेला. म्हणजे औषधांचा खर्च वाढला की स्क्रीन हिरवीगार! रंग वर-खालीला बांधायचा नाही, बऱ्या-वाईटाला बांधायचा. आणि तेही कुणाच्या बऱ्या-वाईटाला, हे आधी ठरवून.

शब्दांचं तसंच आहे. ‘घट’ हा कोरा शब्द आहे. ‘घसरण’ म्हटलं की वाईट झालं. ‘कपात’ म्हटलं की कुणी तरी मुद्दाम केली. ‘बचत’ म्हटलं की शाबासकी. तुमच्या स्क्रीनवर ‘रिजेक्शनमध्ये घसरण’ असं आलं तर वाचणारा क्षणभर अडखळेल. चांगली बातमी की वाईट? भावाला तर आपल्याकडे केवढे शब्द: वधारला, उसळला, भडकला, स्थिरावला, उतरला, गडगडला, कोसळला. ‘भडकला’ हा गिऱ्हाइकाचा शब्द, ‘वधारला’ हा विकणाऱ्याचा. मथळा देताना आपण कुणाच्या बाजूनं लिहितोय ते कळतं.

वर्कशॉपवाला, सातपूर

रंगात आणखी एक भर. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं असतात आणि त्यांत पुरुष बायकांपेक्षा कितीतरी जास्त. शॉपफ्लोअरवर एखादा निघतोच. रंगाबरोबर वर-खाली बाण किंवा ‘थांबा / बघा / चालू’ असा शब्द टाका.

गोदाकाठचा रहिवासी, जुनं नाशिक

मी कारखान्यातला नाही, पण ‘टार्गेट’वरून सुचलं म्हणून लिहितो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे आकडे दर तासाला येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे गणित किती जणांना येतं? पण गोदापात्रातल्या मूर्तीकडे बघून ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं’ म्हटलं की भांडीबाजारातला दुकानदार माल वरच्या फळीवर हलवायला लागतो. पाणी काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत गेलं म्हटलं की मोठा पूर, पुढे काही सांगावं लागत नाही. आकड्याला शेजारी एक ओळखीची रेघ लागते. तुमच्या उत्पादनाच्या आलेखावर ती रेघ असू द्या, नाव काहीही द्या.

प्रश्नकर्ती, अंबड

काका, हे आवडलं. मी ‘उद्दिष्ट’ लिहिणार होते. पण ऑपरेटर ‘टार्गेट झालं का?’ असंच विचारतात, तेव्हा शॉपफ्लोअरला टार्गेट आणि मीटिंगच्या खोलीतही टार्गेटच ठेवते. दोन स्क्रीनवर दोन नावं नकोत.

आता राहिले ट्रेंड आणि लेजंड. आणि वर्षाच्या सुरुवातीपासून आजपर्यंतच्या बेरजेला काय म्हणू?

बँकेत नोकरी, कॉलेज रोड

शेवटच्याला आयता शब्द आहे: ‘आजअखेर’. सरकारी आणि बँकेच्या कागदांत ‘मार्चअखेर’, ‘आजअखेर’ जुनेच आहेत. फक्त सुरुवात लिहा: ‘एप्रिलपासून आजअखेर’. नाहीतर कुणी जानेवारीपासून धरतं.

द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

ट्रेंडला ‘कल’ चांगला, पण कल बघताना मागचा महिना धरू नका, निदान शेतीच्या धंद्याशी जोडलेला माल असेल तर. आमची द्राक्षं जानेवारी ते एप्रिल. मे महिन्याची एप्रिलशी तुलना केली तर दर वर्षी धंदा बुडालेलाच दिसेल. उन्हाळ कांदा, लाल कांदा यांचंही तसंच. ‘गेल्या वर्षी याच महिन्यात’ ही ओळ फिकट रंगात मागे असू द्या, म्हणजे हंगाम कोणता आणि घट कोणती ते वेगळं दिसेल.

कांदा व्यापारी, लासलगाव

आमच्याकडे ‘कल’ म्हणजे बाजाराचा रोख, उद्या काय होईल त्याचा अंदाज. मागच्या आकड्यांना आम्ही कल म्हणत नाही. तुमच्या स्क्रीनवर तो शब्द टाकलात तर मालक विचारतील, मग पुढच्या आठवड्यात काय होणार? ‘मागचे १२ महिने’ एवढं लिहिलं तरी पुरे.

गणिताचे निवृत्त शिक्षक, पंचवटी

शेठ म्हणतात ते पटलं.

लेजंडला भूगोलाच्या नकाशात ‘सूची’ म्हणतात, तेवढं मुलांनाही ठाऊक असतं. पण सूची कोपऱ्यात आणि रेघा मध्ये असल्या की नजर चार वेळा जा-ये करते. त्यापेक्षा प्रत्येक रेघेच्या उजव्या टोकाशी तिचं नाव लिहा, ‘लाइन १’, ‘लाइन २’, त्याच रंगात. मग सूची काढूनच टाका. नावं एकमेकांवर चढायला लागली तर समजा, एका आलेखात रेघा जास्त झाल्या आहेत.