आधी हुरडा, मग स्विमिंग पूल
स्विमिंग पूल नसेल तर पुण्याची माणसं शेतावर येतील का, असं कृषी पर्यटन सुरू करू पाहणारे विचारतात. येतात हो! आमच्याकडे नुसत्या हुरड्याला येतात. फक्त कणसात दाणा हुरड्याजोगा जेमतेम आठ-दहा दिवस राहतो, म्हणून गुळभेंडीचे, म्हणजे हुरड्याच्या ज्वारीचे, पट्टे तेवढ्याच दिवसांच्या अंतराने पेरायचे, म्हणजे जानेवारीतले सगळे शनिवार-रविवार निघतात. आगटीतलं, म्हणजे विस्तवाच्या खड्ड्यात भाजलेलं, गरम कणीस पाहुण्यांनाच चोळू द्या. हात पोळला तरी फोटो काढतात, अन् तीच आपली फुकट जाहिरात.

२०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घ्या. आणि खोल्यांआधी स्वच्छ संडास बांधा. पहिल्या वर्षी आम्ही तिथेच मार खाल्ला. एक कुटुंब ताटावरून उठून गेलं.