ऑर्व्हिएतो सोडू नका

या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की रोम ते फ्लोरेन्स सरळ वेगवान गाडीनं जावं, मधे काही नाही. मधे ऑर्व्हिएतो हे गाव आहे हो! रेजिओनाले, म्हणजे तिकडची पॅसेंजर, तिथे थांबते. आरक्षणाची भानगड नाही. फक्त कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. मी विसरले, दंड भरला आणि वर तपासनिसाचं लेक्चर इटालियनमधून ऐकलं.

गाव टेकडीच्या माथ्यावर, स्टेशन पायथ्याशी. पाठीवर बारा किलो आणि जुलैचं ऊन, तेव्हा शूरपणा न करता समोरच्या फ्युनिक्युलरनं, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या चढावरच्या छोट्या रेल्वेनं, वर जा. उतरल्यावर जवळच सान पात्रिझिओची विहीर आहे. 1527 मध्ये रोमची लूट झाली तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला आणि वेढा पडलाच तर पाणी हवं म्हणून ती खोदायला घेतली. खोली 50 मीटरच्या वर. उतरायला 248 पायऱ्या, चढायला तेवढ्याच वेगळ्या. दोन्ही जिने एकमेकांभोवती गुंफलेले, म्हणजे पाणी आणणारी खेचरं समोरासमोर येणारच नाहीत. खाली भिंत हाताला ओलसर, थंडगार लागते. मी तिथेच अर्धा तास रेंगाळले.

दुपारी बरीचशी दुकानं बंद, त्यामुळे फळं, पाणी सकाळीच घ्या. आणि ज्यांनी इथे ऑगस्टमध्ये जाण्याबद्दल विचारलंय त्यांनी 15 तारीख टाळा, फेर्रागोस्तोची सुट्टी असते. कॉफी मात्र काउंटरपाशी उभ्यानंच प्या, बसलात की बहुतेक ठिकाणी दर वाढतो.