एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन झालं, पाळी थांबली, तरी ओटीपोट दुखतंच. पिशवी काढावी का?

काजूबी (वेंगुर्ला)
नणंद ३१ वर्षांची. डाव्या अंडाशयातली चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) दीड वर्षापूर्वी दुर्बिणीतून काढली. तेव्हापासून डायनोजेस्ट (हार्मोनची गोळी) २ मिग्रॅ रोज, पाळी बंद. नवी सोनोग्राफी नॉर्मल. तरी ओटीपोट आणि माकडहाडाभोवती रोज ठणकतं. एसटीने सावंतवाडीला जाऊन आलं की जास्त, संबंधानंतर दुसऱ्या दिवशीपर्यंत. लघवीला सारखं जावंसं वाटतं. व्हिडिओ बघून केगेल (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम) सुरू केले तर दुखणं वाढलंच. घरात कोणी म्हणतं मनाचं आहे, कोणी म्हणतं पिशवी काढून मोकळी हो.

स्त्रीरोग_रत्नागिरी
मनाचं अजिबात नाही. आणि पिशवीची घाई करू नका. या आजारात अस्तरासारख्या पेशी पिशवीच्या बाहेर रुजतात, त्यामुळे पिशवी गेली तरी त्या मागे राहू शकतात. सोनोग्राफीत सिस्ट दिसते, पोटाच्या आतल्या आवरणावरचे बारीक चट्टे सहसा दिसत नाहीत. म्हणून नॉर्मल रिपोर्ट म्हणजे आजार नाही असं नव्हे. पण बसल्यावर, संबंधानंतर आणि केगेलने वाढणारं दुखणं मला स्नायूंचं वाटतं. वर्षानुवर्षं कळा सोसताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून राहतात, आणि नसा इतक्या हळव्या होतात की साधा ताणही दुखतो.

डायनोजेस्ट रोज ठरल्या वेळीच घ्यावी. ती गर्भनिरोधक म्हणून धरू नका. मन फार उदास राहू लागलं तर डॉक्टरांना सांगा. दुखणं थांबवायला मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिग्रॅची गोळी जेवणानंतर, दिवसाला जास्तीत जास्त तीन, तेही मोजके दिवस. अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको. नसांच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलीन रात्री १० मिग्रॅपासून सुरू करतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी झापड येते, पोट साफ होत नाही. हे आधी सांगितलं नाही की बायका चार दिवसांत गोळी सोडून देतात. लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतू वाढतात का ते पाहणारी चाचणी) करून घ्या. कल्चर निगेटिव्ह असताना अँटिबायोटिकचे कोर्स घेत राहण्यात अर्थ नाही.

फिजिओ_कुडाळ
केगेल आजच बंद. मूठ आधीच घट्ट आवळलेली आहे, आणखी आवळून ती सुटणार नाही. उलटं शिकायचंय, सैल सोडायला. उताणं झोपा, गुडघ्यांखाली उशी. एक हात पोटावर. नाकाने ४ आकडे श्वास घ्या, पोट वर येऊ द्या, त्याच वेळी शी-शूची जागा खाली सैल होतेय असं जाणवू द्या. ६ आकडे सोडा. सोडताना खालून आत ओढायचं नाही, नेमकं इथेच चुकतं. ५ मिनिटं, दिवसातून दोनदा. मग गुडघे छातीशी घेऊन बाजूला फाकवून ३० सेकंद, तीन वेळा. कळ आली तर कमी ताणा.

संडासात कुंथायचं नाही. रात्री दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून. 'असू दे' म्हणून दर तासाला लघवीला जायची सवय मोडा, दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवत अडीच-तीन तासांवर न्या. शेकायची पिशवी टॉवेलात गुंडाळून २० मिनिटंच. रोज तासन्‌तास शेकल्याने पोटावर तपकिरी जाळी उमटते.

काजूबी
भाताच्या लावणीला वाकलं तर चालेल? आणि दाखवायचं कुठे?

फिजिओ_कुडाळ
चालेल, पण सलग नको. अर्ध्या तासाने ताठ उभं राहायचं, उठताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, इकडचे बरेच जण गोव्यात बांबोळीला गोमेकॉतही (गोवा मेडिकल कॉलेजात) जातात. कुठेही गेलात तरी ऑपरेशनची नोंद, बायोप्सी आणि महिनाभराची वही न्या : दुखणं ० ते १०, जागा, लघवी, शौच, त्या दिवशी केलेलं काम.

स्त्रीरोग_रत्नागिरी
एक राहिलं. शौचातून किंवा लघवीतून रक्त, ताप, किंवा चक्कर येऊन अचानक भयंकर कळ आली तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. आतड्याजवळ किंवा मूत्रनलिकेजवळ गाठी असल्याची नोंद असेल तर किडनीची सोनोग्राफी मागून घ्या, कारण तिथला अडथळा न दुखताही किडनी खराब करतो.