शब्दचर्चा : ‘बाहेरचं’ लेकरू चालेल का?

माळरान
एका इंग्रजी कुमार कादंबरीचा अनुवाद करायलोय. करारामुळं पुस्तकाचं नाव सांगता येत नाही, गोष्ट थोडक्यात सांगतो. अकरा वर्षांची पोरगी आई वारल्यावर मावशीच्या गावी राहायला येते. तिला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं. दिसत नाही, ऐकू येतं. गावातली पोरं तिला खेळायला घेत नाहीत आणि एका शब्दानं चिडवतात. त्या शब्दात दोन्ही आहे : ती आपल्या गावची नाही, आणि ती आपल्यासारखी पण नाही.

मी लिहिलं ‘बाहेरचं’. आमच्याकडं अंबाजोगाईला परगावच्या माणसाला बाहेरचा म्हणतात. आणि लेकरानं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही की आजी म्हणायची, “हे दवाखान्याचं नाही, बाहेरचं दिसायलंय.” मला वाटलं, देवानं शब्द हातात आणून ठेवला. पुण्याच्या संपादक बाईंनी तो खोडून सगळीकडं ‘उपरी’ केलं. समासात लिहिलं, “‘बाहेरची’ला वेगळा वास आहे, मुलांच्या पुस्तकात नको.” मी ‘बाहेरची’ लिहिलंच नव्हतं! ‘बाहेरचं’चा हा अर्थ फक्त मराठवाड्यातच आहे का?

कोशकीटक
नाही. बाहेरची बाधा, बाहेरचं लागणं, बाहेरचं बघणं हे राज्यभर आहे. प्रश्न इथंच मिटला.

पण संपादक बाईंचं म्हणणं उडवून लावू नका. ‘बाहेरची’ म्हटलं की आधी बाहेरची बाई आठवते, मग बाहेर बसणं. तुमची पोरगी तिसऱ्या नंबरला येते. त्यापेक्षा ‘उपरी’ स्वच्छ आहे. जुना, कागदपत्रांतला शब्द आहे. गावात मिरासदार आणि उपरी असे कुणब्यांचे दोन प्रकार असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, उपऱ्याची कराराची. मिरासदार गावचा, उपरी आज आहे उद्या नाही. मोल्सवर्थचा कोश उघडून बघा.

चिंचेखाली
उपरी म्हणजे वरून आलेला, ‘उपर’वरून. माझा अंदाज. म्हणजे आभाळातून पडलेली पोरगी, जादूच्या गोष्टीला फिट्ट.

कोशकीटक
असल्या अंदाजांनीच मराठीचं वाटोळं झालं.

सायकलवाली बाई
‘उपरा’ म्हटलं की माझ्या पिढीला लक्ष्मण माने यांचं 1980 सालचं आत्मकथन आठवतं. कैकाडी घरातल्या पोराची गाढवावरच्या बिऱ्हाडाची वणवण त्यात आहे. त्या शब्दावर आता ते ओझं आहे. गावात घर असलेल्या मावशीकडं राहायला आलेल्या पोरीला तो देताना मला तरी हात आखडता घ्यावासा वाटेल. मुलांना हे ठाऊक नसणार, पण पुस्तक विकत आईबाप घेतात.

दुसरं. माळरान दादा, तुमचा सगळा जीव त्या शेवटच्या अनुस्वारात आहे आणि तो बाईंना दिसलाच नाही. आपण लेकराला नपुंसकलिंगात घेतो ते मायेनं : गुणाचं गं माझं ते. आणि तोडायचं असलं तरी नपुंसकलिंगातच घेतो. आमच्या शाळेत मागच्या जूनमध्ये एक नवी मुलगी आली. दारात उभी, दप्तर पोटाशी धरलेलं. पहिल्या बाकावरची पोरगी मला विचारते, “बाई, ते कुठं बसंल?” ‘ती’ नाही, ‘ते’. आठ दिवसांनी तिची ‘ती’ झाली, कारण लंगडीत कुणाला सापडेना. तुमच्या अनुवादात पण असं करता येईल. पोरं आधी ‘ते’ म्हणतील आणि कुठल्यातरी पानावर कुणीतरी ‘ती’ म्हणून जाईल. इंग्रजीत काय केलंय?

माळरान
इंग्रजीत तसं काही नाही. पण हे मी चोरणार.

तिफण
तुम्ही लोक कोश उघडून बसलात. मला विचारा. माझे आईबाप कोयत्यावर, ऊसतोडीच्या टोळीत जायचे, गाव धारूरच्या डोंगरात. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक. मी तिसरीचे पाच महिने तिकडं, कारखान्याच्या गावातल्या शाळेत काढले. कुठली ते राहू द्या. हजेरीत नाव होतं माझं, पण गुरुजी पण विचारायचे, “टोळीचं आलं का आज?” उपरा नाही, परका नाही, बाहेरचा नाही. टोळीचं. दुपारच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी मी गेलो की पोरं तोटी सोडून बाजूला व्हायची. मारायची नाहीत. बाजूला व्हायची.

आता तुमच्या पोरीसारखी पॉवर मला पण होती, हसू नका. रात्री दोन-तीनला गाड्या भरून फडातून निघायच्या. खोपीत अंथरुणात पडल्या पडल्या घुंगराच्या आवाजावरून मी सांगायचो, ही मामाची गाडी, ही अण्णाची, ह्या बैलाच्या डाव्या चाळातलं एक घुंगरू गेलंय. एकदा गावातल्या एका पोरानं पैज लावली. डोळे बांधून रस्त्याच्या कडेला बसवलं. सात गाड्या गेल्या, साती बरोबर. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायला लागले. पण नाव टोळीचंच राहिलं.

माळरान
भाऊ, ‘टोळीचं’ काळजात गेलं. पण माझ्या गोष्टीतल्या गावात ऊस नाही, मेंढ्या आहेत.

तिफण
मग शब्द मेंढ्यातून काढा. गाव जे करतं त्यातूनच शिवी निघती.

गोदाकाठ
नांदेडहून. वय 81. मराठवाड्यात बसून परक्यासाठी शब्द शोधता आणि कुणालाच ‘गैरमुल्की’ आठवू नये? निजामाच्या राज्यात माणसाचे दोनच प्रकार, मुल्की आणि गैरमुल्की. सरकारी नोकरी मुल्क्याला. बाहेरून आलेल्यानं मुल्की ठरायला 15 वर्षं राज्यात काढायची. आमचे वडील शाळामास्तर. घरात नवी सून आली की आत्या म्हणायची, “गैरमुल्की हाय आणखी, पंधरा वर्षं जाऊ द्या.” सप्टेंबर 1948 मध्ये निजाम गेला, आत्याचा शब्द गेला नाही. आणि गंमत म्हणजे आम्ही सोलापूर-नगरकडं गेलो की तिथले लोक आम्हालाच ‘मोगलाईतले’ म्हणायचे. म्हणजे घरी मुल्की आणि वेस ओलांडली की आपणच बाहेरचे.

कोशकीटक
काका, आदर आहे, पण ‘गैरमुल्की’ सरळ अरबी आहे. मुलांच्या पुस्तकात निदान शब्द तरी आपले असावेत.

गोदाकाठ
बरं. मग माळरानच्या वाक्यातली ‘जमीन’ काढा, ती फारसी.

कोशकीटक
‘भूगर्भातील जल’ म्हणता येईल.

बारवेतली पाल
अकरा वर्षांच्या लेकराला भूगर्भातील जल ऐकू यायलंय म्हणे. त्याला कानाच्या डॉक्टरकडं न्या आधी.

सायकलवाली बाई
मी सरळ आमच्या सहावीच्या वर्गाला विचारलं. एका मुलीला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं, तर तिच्याकडं काय आहे? फळ्यावर लिहायला खडू घेऊन उभी राहिले. अलौकिक शक्ती, दैवी देणगी, सिद्धी, कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून. सगळा वर्ग एकसुरात : “पॉवर!” मागच्या बाकावरचा एक म्हणाला, “बाई, तिच्याकडं पॉवर नाही, तिच्यात पॉवर हाय.” मराठी शिकवून माझी अठरा वर्षं झाली, ‘कडे’ आणि ‘त’ यांतला फरक मला कुणी इतका नीट सांगितला नव्हता.

कोशकीटक
यात आनंद मानण्यासारखं काय आहे? ‘सामर्थ्य’ हा शब्द त्यांना कुणी दिलाच नाही, म्हणून पॉवर. द्यायचं काम शिक्षकांचं.

सायकलवाली बाई
दिला ना. एकानं विचारलं, “सामर्थ्य म्हणजे पॉवरच ना?”

पांढरी
मला राहून राहून वाटायलंय, ‘पायाळू’ कसा कुणाला सुचला नाही. पायाकडून जन्मलेलं माणूस. आमची माय पायाळू. कुणाची उसण भरली, कंबर धरली की पहाटे दारात उभे. मायनं पाठीत हळू लाथ घालायची, तीनदा. मोबदला म्हणून कुणी पसाभर शेंगा, कुणी नुसताच नमस्कार. मी लहान असताना ओसरीत बसून बघायचो. गावचे पाटील पालथे पडलेले आणि माझी माय, जिला एरवी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायची सोय नव्हती, ती त्यांच्या पाठीवर पाय ठेवायली.

पण आभाळ गरजलं की तीच लोकं तिला लिंबाखाली उभं राहू द्यायची नाहीत. पायाळूवर वीज पडते म्हणून. खळ्यावर सगळे एका ताडपत्रीखाली आणि माय एकटी दूर, घोंगडं घेऊन. म्हणून म्हणतो, पॉवर आणि बाहेर ठेवणं दोन्ही ह्या एका शब्दात आहे. पायाळूला जमिनीतलं दिसतं असंही म्हणतात, धन, पाणी.

चिंचेखाली
पायाळू, मायाळू, दयाळू. ज्याला पायाची फार माया तो पायाळू. 😄

कोशकीटक
प्रत्यय ‘आळू’. झोपाळू, लाजाळू, मायाळू तसाच पायाळू. एकदाचं चिंचेखालीचं काहीतरी बरोबर आलं.

बालाघाटी
मी जरा कडू बोलणार आहे. ‘पायाळू’ला जमिनीतलं दिसतं हे आजीच्या गोष्टीत गोड वाटतं. ह्याच समजुतीपायी पायाळू लेकरांच्या डोळ्यांत अंजन घालून गुप्तधनाच्या खड्ड्याशी बसवलेलं आहे, आणि त्याच्या पुढचंही झालेलं आहे. 2013 सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात करणी-भानामतीच्या शेजारी गुप्तधन आणि जलस्रोत हे शब्द उगं नाही आले. भानामतीपायी आपल्या भागात बायकांचे काय हाल झाले ते उदगीर-निलंग्याकडच्यांना विचारा. माळरान, तुमची पोरगी इंग्लंडातली आहे तोवर ती परी आहे. तिला ‘पायाळू’ म्हटलं की ती आमच्या शेजारच्या गल्लीत राहायला येते. तिथं तिला धोका आहे.

पांढरी
मायचं सांगितलं तर तुम्ही कायदा आणला.

बालाघाटी
मायबद्दल बोललो नाही हो. शब्दाबद्दल बोललो.

पांढरी
शब्द मायचाच आहे.

माळरान
बालाघाटी भाऊंचं पटायलंय आणि पटत पण नाही. धोका गोष्टीत आहेच. चौदाव्या प्रकरणात गावची विहीर आटते आणि जी पोरं चिडवत होती त्यांचेच बाप तिला उचलून माळावर नेतात, “ऐक म्हण.” ती घाबरून खोटंच बोट दाखवते. ते प्रकरण करताना मला 2016 चा एप्रिल आठवला. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत आमच्या गल्लीत एखाद्या लेकरानं नुसतं म्हटलं असतं ना की मला इथं पाणी ऐकू यायलंय, तर संध्याकाळपर्यंत बोअरची गाडी आली असती.

बारवेतली पाल
आली असती काय, आलीच होती. आमच्या वावरात पाणाड्यानं तीन जागा दाखवल्या. दोनशे, तीनशे, साडेतीनशे फूट. तिन्ही कोरड्या. नुसता फुफाटा. पाणाड्याला विचारलं तर म्हणाला, “पाणी होतं, सरकलं.”

चिंचेखाली
पाणाड्या की पानाड्या? आमच्याकडं पाणी बघणारा म्हणतात.

गोदाकाठ
पाणाड्या. ‘पानाड्या’ म्हटलं तर तो विड्याची पानं बघंल.

तिफण
आमच्या गावचा उंबराचं बेचकं धरतो. दोन्ही हातात दोन टोकं, पाण्यावर आलं की पुढचं टोक खाली जातं. मी स्वतः धरून बघितलंय. ओढ लागती.

बालाघाटी
ओढ तुमच्याच मनगटाची. आपला खडक काळा, पाणी भेगांत आणि वरच्या मऊ थरात. भूजलवाल्यांना पण यंत्र लावून कधी चुकायला होतं, लाकडाला काय कळणार. खाली मांजऱ्या लागला तर नशीब, पाषाण लागला की पैसे गेले.

चिंचेखाली
मांजऱ्या खडकावरूनच मांजरा नदीचं नाव पडलं, हे माहीत आहे का कुणाला?

कोशकीटक
नाही पडलं. नदीकाठची जुनी माणसं वांजराच म्हणतात, माहात्म्यांत वंजरा आहे. तुम्ही चिंचेखालून उठा आता.

चिंचेखाली
मग खडकाला मांजऱ्या नाव कशावरून? मांजरावरून?

माळरान
मंडळी, संपादक बाईंचा मेल आलाय. सोमवारी फाईल पाहिजे. ‘उपरी’ नको असेल तर एक शब्द कळवा, कारण देऊ नका, असं म्हणायल्यात. ‘बाहेरचं’ की ‘पायाळू’? की तिफण भाऊ म्हणतात तसं मेंढ्यातून? मेंढ्यांच्या कळपात दुसऱ्या कळपातलं कोकरू घुसलं तर त्याला काय म्हणतात, कुणी धनगर बांधव आहे का इथं?

बारवेतली पाल
उंबराच्या बेचक्यापेक्षा नारळ बरा. तळहातावर आडवा ठेवायचा, पाण्याच्या जागी उभा राहतो. चुलत्यानं तसंच काढलं होतं, सत्तर फुटाला लागलं.

तिफण
शेंडी कुणीकडं करायची?

बारवेतली पाल
बोटांकडं. आणि पायात चप्पल नको.

बालाघाटी
चपलेचा काय संबंध?