वाचनालयातील जुने संगणक : विंडोज ११ घ्यावे की लिनक्सकडे वळावे?

चोपड्याहून, प्रश्नकर्ता
तालुक्यातील एका गावच्या वाचनालयात मी संगणकांचे काम पाहतो. आमचे सहाही संगणक सहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचे असल्यामुळे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत आणि विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवे संगणक घेऊन मोकळे व्हावे, असे कार्यकारिणीतील निम्म्या मंडळींना वाटते; उरलेल्यांना विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स ही प्रणाली फुकट मिळते एवढेच ठाऊक आहे. पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये कृतिदेव फाँटात आहे आणि हिशेब टॅलीत. आजचा खर्च आणि पुढे बदल करण्याची मोकळीक, दोन्ही पाहता काय करावे?

धुळ्याहून, हिशेबनीस
टॅली विंडोजसाठीच बनलेली आहे. लिनक्सवर ती ओढूनताणून चालवता येते, पण मार्चअखेरीस अडली तर दाद कोणाकडे मागणार? हिशेबापुरता एक संगणक विंडोज ११ चा घ्यावा. बाकी पाचांचे मी सांगत नाही.

भुसावळहून, टंकलेखनाचा जुना व्यावसायिक
भाऊ, खरा खर्च आपल्या यादीत दडला आहे. कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘काका’ दिसत असले, तरी फाइलमध्ये ‘डी, के, डी, के’ ही इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात, त्यामुळे तो फाँट नसलेल्या कोणत्याही संगणकावर, मग तो विंडोजचा असो वा लिनक्सचा, यादी निरर्थक दिसते आणि युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, शोधलेले लेखकाचे नाव सापडत नाही. आधी यादी युनिकोडमध्ये आणा. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण पहिली वेलांटी कृतिदेवमध्ये अक्षराच्या आधी टंकली जाते आणि रफार नंतर, म्हणून क्रम बदलताना चुका राहतात. ‘दुसऱ्या’सारखे शब्द तर हातानेच तपासावे लागतात. माझ्या एका गिऱ्हाइकाची यादी तपासायला तीन आठवडे गेले होते, आणि त्यांतले बरेचसे या ‘ऱ्या’नेच खाल्ले.

नंदुरबारहून, शिक्षक
वरील मताशी सहमत आहे. केरळातील सरकारी शाळा अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, त्यामुळे लिनक्स हौशी लोकांपुरतेच आहे असे समजू नये. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान साठवण बसवून लिनक्स मिंट ही लिनक्सची सोपी आवृत्ती टाकल्यास असे संगणक वाचकांसाठी पुरेसे चालतात. युनिकोडमध्ये मराठी टंकण्याचा इन्स्क्रिप्ट कळफलकही त्यात मिळतो. मात्र लिब्रेऑफिस या वर्ड-एक्सेलच्या मोफत पर्यायामध्ये वर्डच्या फाइलींची मांडणी कधीकधी सरकते, आणि रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टंकयंत्राच्या कळफलकाची, सवय असलेल्या कर्मचाऱ्याला नवा कळफलक शिकायला महिना तरी द्यावा. तो वेळही खर्चातच धरा.

चोपड्याहून, प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. काल एका संगणकावर काही न बसवता, पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू करून पाहिले : प्रिंटर लगेच चालला, स्कॅनर मात्र ओळखला गेला नाही. तेव्हा स्कॅनर हिशेबाच्या नव्या संगणकाला जोडू. यादीच्या रूपांतराला उद्यापासून ‘अ’च्या कपाटाने सुरुवात करतो.